अन्फीसाबाईंची सफरचंदं

आमच्या कारखान्याच्या बागवान मंडळाची पहिली बैठक एकोणसत्तरच्या फेब्रुवारीत कॅन्टीनमागच्या खोलीत भरली, तेव्हा मी त्या मंडळाचा चिटणीस होतो. चिटणीस का, तर माझं अक्षर बरं होतं आणि मला कुणाला नाही म्हणता येत नसे. मी अठ्ठावीस वर्षांचा होतो, बेअरिंगच्या विभागात फिटर होतो आणि फोरमन व्हायची मला फार घाई झाली होती.

नदीपलीकडची दलदलीच्या कडेची जमीन कामगारांच्या बागांसाठी मिळाली होती. तिचे एकशे चाळीस तुकडे पाडले. एका घराच्या वाट्याला सहा गुंठे आले. त्यात एक लाकडी खोली बांधायची, बटाटे लावायचे आणि सफरचंदाची चार झाडं लावायची, हे वरूनच ठरून आलं होतं. झाडं कोणत्या जातीची, एवढंच आम्हाला ठरवायचं होतं.

मंडळात झाडांतलं कळणारं माणूस एकच होतं, अन्फीसा प्रोखोरोव्ना गिल्योवा. त्या कारखान्याच्या काचघरात कॅन्टीनसाठी काकड्या पिकवायच्या. शेतीशाळेत शिकलेल्या होत्या. चाळिशीच्या, उंच, हात पुरुषासारखे मोठे. लग्न केलं नव्हतं. रेल्वेच्या रुळांलगत लाकडी बराकीत एक खोली होती, तिथे म्हाताऱ्या आईबरोबर राहायच्या. हिवाळ्यात त्या खोलीच्या भिंतीला आतून बर्फ धरायचं आणि आईचा खोकला एप्रिलपर्यंत थांबायचा नाही.

अध्यक्ष होते गूरी साव्विच तोल्माचोव, आमच्या कामगार संघटनेचे प्रमुख. गुबगुबीत, हसतमुख माणूस. त्या दिवशी ते खुशीत होते.

"मंडळी, दक्षिणेत माझा एक दोस्त आहे. रोपवाटिकेत आहे. सहाशे रोपं द्यायला तयार आहे. आन्तोनोव्का आणि अजून दोन जाती. फळ असं!" त्यांनी मूठ वळून दाखवली. "प्रदर्शनात मी स्वतः खाल्लंय. मध आहे मध."

"ती इथे टिकायची नाहीत," अन्फीसाबाई म्हणाल्या.

"का बरं?"

"दहा-बारा वर्षांतून एकदा इथे पारा उणे पंचेचाळीसच्या खाली जातो. त्यातून ही जमीन खोलगट. थंडी येऊन साचते इथे, टोपात पाणी साचावं तशी. तसे दोन दिवस आले की बर्फाच्या वर जेवढं झाड आहे तेवढं मेलं."

"मग आमच्या अन्फीसा प्रोखोरोव्ना काय लावा म्हणतात?"

"रानेतका. प्रत्येकाला दोन रानेतका आणि दोन संकरित, जरा मोठ्या फळाच्या. इथल्याच रोपांपासून केलेल्या. ज्यांना मोठं फळ हवंच आहे, त्यांनी ते झाड उभं वाढू देऊ नये. फांद्या जमिनीलगत वाकवायच्या, खुंट्यांनी बांधायच्या. म्हणजे हिवाळाभर बर्फाखाली राहतात."

"रानेतका!" गूरी साव्विचनी सगळ्यांकडे पाहिलं. "बोराएवढं फळ. चावलं की तोंड वाकडं. कामगारांना मी पाखरांचा चारा वाटू का?"

सगळे हसले. मीही हसलो. माझी आई वोरोनेझकडची. तिच्या माहेरच्या आन्तोनोव्काच्या गोष्टी ऐकत मी लहानाचा मोठा झालो होतो. ती सफरचंदं गवतात घालून ठेवली की सगळं घर कसं घमघमायचं, ते ती मरेपर्यंत सांगायची. मलाही तेच झाड हवं होतं.

अन्फीसाबाई हसल्या नाहीत. "वेन्यामीन, माझा विरोध लिहिलास ना?"

"लिहिला," मी म्हणालो. खरंच लिहिला होता.

बैठक उठली. गूरी साव्विचनी आम्हा दोघांना थांबवून घेतलं. दार लोटलं, खुर्ची ओढून बाईंच्या समोर बसले आणि अगदी घरच्या माणसासारखं विचारलं, "आईचा खोकला कसा आहे?"

"आहे तसाच."

"त्या बराकीत तसाच राहणार. नव्या इमारतीची यादी माझ्याच टेबलावर आहे, बाई. खोल्या बारा, तुमचं नाव चौदावं. आता हे बघा, माणसं एकमेकांना समजून घेतात तेव्हा नावं वरखाली होतात. रोपं मी सांगून बसलोय. तज्ज्ञाच्या सहीशिवाय गाडी निघत नाही. माझं म्हणणं इतकंच."

मग ते माझ्याकडे वळले. "वेन्या, ती विरोधाची ओळ काढ. वाद मिटला की तो लिहायचा नसतो."

मी पान फाडलं. नवीन पान लिहिलं. शेवटी ते सांगतील तसं घातलं: 'कृषितज्ज्ञ अ. प्रो. गिल्योवा यांच्या शिफारशीनुसार.' अन्फीसाबाईंनी वही जवळ ओढून प्रत्येक शब्द वाचला. मग खुर्ची मागे सरकवली; मला वाटलं आता उठून जातील. पण त्यांनी सही केली. सुवाच्य, पूर्ण नावाची.

बाहेर पायऱ्यांवर मला म्हणाल्या, "तुझ्या तुकड्यात एक तरी रानेतका लाव. कोपऱ्यात लाव हवं तर. रोप मी देईन."

"बघू," मी म्हणालो. नंतर कधी पाहिलं नाही.

पुढच्या वर्षी त्यांना नव्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर खोली मिळाली. नळाला गरम पाणी होतं. त्यांच्या आईने म्हणे पहिले दोन दिवस नळाखालून हात काढला नाही.

रोपं आली, लागली, वाढली. हिवाळे सौम्य गेले. चौऱ्याहत्तरला पहिली फळं आली आणि शहात्तर-सत्याहत्तरला तर आम्हाला बादल्या पुरेनात. माझी बायको रिम्मा सफरचंदाचे मोठे पाव भाजून जिन्यातल्या सगळ्या घरांना वाटायची. लोक अन्फीसाबाईंना रस्त्यात थांबवून सांगायचे, "काय जात निवडलीत हो!" रिम्मा एकदा पाव घेऊन त्यांच्या फाटकाशी गेली, तर बाई म्हणाल्या, "हे माझं नाही. गूरी साव्विचना द्या."

"शिष्ट आहे," रिम्मा परत येऊन म्हणाली.

त्यांची स्वतःची बाग आमच्या बागेला लागूनच होती. मंडळाची दोन रोपं त्यांनीही घेतली होती, पण बाकी सगळं त्यांचं वेगळं होतं. तीन रानेतका, संकरित झाडं चार, आणि जमिनीवर आडवं पसरलेलं एक झाड, खुंट्यांना बांधलेलं. फळं काढायला त्यांना गुडघ्यांवर बसावं लागे. पंपावर पाणी भरताना लोक म्हणत, "फीसाबाईंची सफरचंदं पोटावर सरपटतात." बाई ऐकायच्या आणि बादली भरेपर्यंत पुन्हा तेच सांगायच्या: "अजून वेळ आहे. एक तरी खात्रीचं झाड लावून ठेवा. रोप मी देते." लोक "हो हो" म्हणायचे. ज्याच्या झाडावर मुठीएवढी फळं लटकताहेत, तो बोरं कशाला लावील?

अठ्ठ्याहत्तरचा डिसेंबर ओला आणि उबदार होता. पंचवीस तारखेच्या सुमारास तर पाऊसही पडला. मग चार दिवसांत पारा कोसळला. एकतीस तारखेला सकाळी कारखान्याच्या फाटकावरच्या तापमापकात उणे शेहेचाळीस होते. शहरातले नळ फुटले, माणसं दोन-दोन कोट घालून घरात बसली. झाडांचा विचार तेव्हा कुणाच्या डोक्यात नव्हता.

मे महिन्यात आम्ही बागांवर गेलो. एकशे चाळीस तुकडे आणि कुठे पान नाही. मी एक काडी मोडून पाहिली. आत हिरवं असायला हवं तिथे चहाच्या चोथ्यासारखं तपकिरी होतं. दुसरी मोडली, तिसरी मोडली. रिम्मा खोडाला हात लावून उभी होती आणि साल तिच्या हातात आपोआप सुटून आली. नऊ वर्षं त्या झाडांना तिने कारखान्याच्या तबेल्यातून शेण आणून घातलं होतं, पोरांच्या गाडीवर लादून.

आणि कुंपणापलीकडे अन्फीसाबाईंची बाग पांढरीशुभ्र फुलली होती.

तासाभरात त्यांच्या कुंपणाशी पन्नास-साठ माणसं जमली. कुणी ओरडत नव्हतं. सगळे नुसते बघत होते. त्यांची मंडळाकडची दोन झाडंही काळी पडून मेली होती, पण ती मागे होती. ती कुणी पाहिली नाहीत.

"स्वतःसाठी काय लावायचं ते बरोबर कळलं होतं," रिम्मा मोठ्याने म्हणाली.

तिथून सगळं सुरू झालं. पंपावर म्हणा, बसमध्ये म्हणा, विभागात म्हणा, तेच वाक्य. रिम्माचं वाक्य. खरं काय ते तिला सांगायला मी पहिल्याच दिवशी तोंड उघडायला हवं होतं. मी म्हटलं, जरा शांत होऊ दे, मग सांगू.

जूनमध्ये सभा भरली. गूरी साव्विच वही घेऊनच आले होते. 'कृषितज्ज्ञ अ. प्रो. गिल्योवा यांच्या शिफारशीनुसार' हे त्यांनी दोनदा वाचलं. मग मला उभं केलं.

"वेन्यामीन, हे अक्षर कुणाचं?"

"माझं."

"यात कुठे विरोध नोंदवलेला आहे?"

"नाही."

त्यात एक शब्दही खोटा नव्हता. अन्फीसाबाई तिसऱ्या रांगेत बसल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. बसची वाट बघावी तसं, आता येईल या खात्रीने. मी हातातल्या टोपीच्या कडेचा दोरा उसवत राहिलो. तोपर्यंत मी फोरमन झालो होतो, आणि पुढच्या महिन्यात थोरल्या पोराला कारखान्यात चिकटवायचं होतं. असली कारणं शोधायला गेलं की मिळतात.

"सही तुमचीच ना?" गूरी साव्विचनी विचारलं.

"माझीच," त्या म्हणाल्या.

"आणि स्वतःच्या बागेत काय लावलंत?"

"इथे जे जगतं ते."

मग मात्र माणसं उठून ओरडायला लागली. खोलीबद्दल त्या बोलल्या नाहीत. फाडलेल्या पानाबद्दल बोलल्या नाहीत. माझं नाव घेतलं नाही. मंडळाच्या यादीतून त्यांचं तज्ज्ञपद काढलं, आणि त्या शांतपणे आपली पिशवी उचलून निघून गेल्या.

त्या आठवड्यात लोकांनी मेलेली झाडं उपटली. पहिलं झाड अन्फीसाबाईंच्या फाटकाशी कुणी नेऊन टाकलं ते मला माहीत नाही. रविवार संध्याकाळपर्यंत तिथे कमरेएवढा ढीग झाला होता आणि त्यांना फाटक उघडेना. आमची चार झाडंही त्यात होती. रिम्माने नेली, मी तिला मदत केली. मुळांकडची बाजू माझ्या हातात होती.

बाईंनी करवत आणली आणि सगळा उन्हाळा, काम सुटल्यावर, ती खोडं कापून रचत बसल्या. त्यांच्या करवतीचा आवाज आम्हाला जेवताना ऐकू यायचा.

पुढच्या मार्चमध्ये त्यांच्या फाटकाशी एक बादली दिसली. तिच्यात कलमाच्या काड्या होत्या, ओल्या भुश्शात उभ्या केलेल्या. प्रत्येक जुडीला चिठ्ठी होती: जात कोणती, फळ केवढं, किती थंडी सोसते, कुठल्या खुंटावर बांधायची. आणि पंपाच्या खांबावर कागद लावलेला: 'काड्या फुकट. न विचारता घ्याव्यात.'

न विचारता, हे त्यांनी मुद्दाम लिहिलं असणार. दिवसभर बादलीपाशी कुणी फिरकलं नाही. पण बाई दुपारी पंपावर जायच्या त्या अर्ध्या तासात काड्या कमी व्हायच्या. मग त्या पंपावर दोन-दोन तास घालवू लागल्या. सगळ्यांना कळत होतं. बादली रिकामी झाली की त्या ती पुन्हा भरायच्या. वर्षानुवर्षं हे चाललं. बोलत त्यांच्याशी कुणी नव्हतं.

मीही काड्या घेतल्या. रानातल्या सफरचंदाचे खुंट आणून त्यांच्यावर बांधल्या. पहिल्या वर्षी सगळ्या वाळल्या. दुसऱ्या वर्षी वाकून बांधत होतो, तेव्हा कुंपणापलीकडून आवाज आला.

"उलटी बांधतोयस. डोळे वर हवेत."

वर पाहिलं तर त्या पाठमोऱ्या होत्या, वाफा खणत होत्या. मी काडी फिरवली. "आभारी आहे, अन्फीसा प्रोखोरोव्ना," म्हणालो. त्यांनी वळून पाहिलं नाही. दहा वर्षांत त्या माझ्याशी तेवढंच बोलल्या.

त्यांची आई ऐंशी साली गेली. आमच्या विभागातून मातीला कुणी गेलं नाही.

एकोणनव्वदच्या सप्टेंबरमध्ये मंडळाला वीस वर्षं झाली. कॅन्टीनमध्ये मोठं जेवण ठेवलं, एका लांब टेबलावर सगळ्या बागांतली सफरचंदं मांडली. लालबुंद रानेतका, पिवळी संकरित, आडव्या झाडांवरची मोठी. टेबलावरचं एक फळसुद्धा असं नव्हतं की ज्याची काडी त्या बादलीतून आली नव्हती. शहराच्या कार्यालयातून कुणी साहेब आले होते. त्यांनी गूरी साव्विचना मानपत्र दिलं, 'कडक हिवाळ्याला योग्य अशा जातींच्या निवडीतील दूरदृष्टीबद्दल'. गूरी साव्विचनी ते छातीशी धरलं. डोळेही पुसले.

अन्फीसाबाई शेवटच्या रांगेत, दाराजवळ बसल्या होत्या. त्यांना कुणी बोलावलं होतं की त्या आपणहून आल्या होत्या, कोण जाणे.

मी उठलो. फोरमनच्या पुढे मला आता कुठे जायचं नव्हतं. पोरगा कारखाना सोडून दुसऱ्या शहरात गेला होता. मला आता कुणाचं भय उरलं नव्हतं.

"ही सगळी झाडं अन्फीसा प्रोखोरोव्नांची आहेत," मी म्हणालो. "आणि त्या पहिल्या रोपांना त्यांनी विरोध केला होता. मी तो लिहिला होता. मग ते पान फाडलं. गूरी साव्विचनी सांगितलं म्हणून फाडलं. खोलीच्या यादीची भीती घालून त्यांची सही घेतली. मी तिथेच होतो."

चमचे थांबले. मग गूरी साव्विच हसले, अगदी मायेने. "वेन्या, बाबा, एक पेला कमी घ्यायचा होतास."

आणि सगळे हसले. एका क्षणात मोकळे झाले. कुणीतरी वाद्य उचललं.

मी दाराकडे पाहिलं तर अन्फीसाबाई जागेवर नव्हत्या. अंगणात गाठलं. साठी उलटली होती, पण चाल तशीच होती, लांब टांगांची.

"अन्फीसा प्रोखोरोव्ना, मी सांगितलं. सगळं सांगितलं."

"ऐकलं."

"मला आधीच सांगायला..."

"त्या जूनमध्ये मी तुझ्या तोंडाकडे बघत बसले होते, वेन्यामीन. तेव्हाचं बोलणं माझ्यासाठी झालं असतं. आजचं तू तुझ्यासाठी बोललास. बरं वाटलं ना? मग जा, जेव."

घरी रिम्माने कोटही काढला नाही. "दहा वर्षं तू मला त्या बाईला शिव्या देऊ दिल्यास? मी झाडं नेऊन टाकली तिच्या दारात, तू दुसऱ्या टोकाला होतास, आणि तुला माहीत होतं?"

त्यानंतरही आम्ही एकत्रच राहिलो, पण ती माझ्याशी बोलायची ती घरातल्या सामानाबद्दल.

दुसऱ्याच आठवड्यात रिम्मा माफी मागायला अन्फीसाबाईंच्या बागेत गेली. तिथे एक तरुण जोडपं खोलीला रंग देत होतं. बाईंनी बाग मंडळाला परत केली होती. पुढच्या वसंतात फाटकाशी बादली नव्हती. नवीन माणसाने आडवं झाड काढून टाकलं, कारण त्याला तिथे मोटार लावायची होती.

मी त्यांच्या खोलीवर एकदाच गेलो, ब्याण्णवच्या एप्रिलमध्ये. निमित्त असं की माझ्या मुलीला शहराबाहेर नवी जमीन मिळाली होती, आणि काय लावावं ते विचारायचं होतं. खरं म्हणजे मला तिथे जायला काहीतरी निमित्त हवं होतं.

त्यांनी दार उघडलं, आत घेतलं, चहा केला. खोली स्वच्छ होती. खिडकीत एक कुंडीसुद्धा नव्हती. आईची खाट अजून भिंतीशी होती, तिच्यावर चादर घातलेली.

"ही खोली," मी म्हणालो, "हिच्यासाठी तुम्ही..."

"हो, हिच्यासाठी. आई इथे दहा वर्षं जगली. बराकीत दोन जगली नसती. पुन्हा वेळ आली तर पुन्हा सही करीन. हे मी त्या सभेत सांगायला हवं होतं का? लोकांची झाडं एका बाजूला आणि माझी आई एका बाजूला, असं?" त्यांनी कप खाली ठेवला. "मी निर्दोष नव्हते, वेन्यामीन. पण एकटीही नव्हते. राग आहे तो एवढ्याचा."

मी चहा संपवला. मग मुलीच्या जमिनीचं काढलं. उतार उत्तरेकडे आहे, खाली ओढा आहे, माती चिकट. त्या लक्ष देऊन ऐकत होत्या. एकदा तर हात पुढे झाला, कागदावर काही काढून दाखवावं तसा. मग तो त्यांनी मांडीवर ठेवला.

"कुठल्या जाती लावू सांगता?"

"आवडतील त्या लावा."

"असं काय, अन्फीसा प्रोखोरोव्ना. तुमच्याइतकं कुणाला..."

"मी सांगितलं होतं एकदा," त्या म्हणाल्या आणि माझा कप उचलून मोरीकडे गेल्या. नळ सोडला. मी टोपी घेतली, दारात उभा राहिलो. पाण्याच्या आवाजात त्यांना ऐकू गेलं नसेल असं धरून मी पुन्हा एकदा "येतो" म्हणालो.

पुढच्या जानेवारीत त्या गेल्या. मातीला आम्ही चौघं होतो: मी, रिम्मा, काचघरातली एक बाई आणि शेजारी. जमीन इतकी गोठली होती की खड्डा खणायला दोन दिवस लागले. मंडळाकडून गूरी साव्विचच्या नावाची फुलं आली होती. रिम्माने ती उचलली आणि स्मशानाच्या कुंपणाबाहेर नेऊन टाकली.

मुलीने त्या जमिनीत दुकानातून आणलेली सहा रोपं लावली. डब्यावरचं चित्र बघून निवडली होती.